कागदं आमची, कपाट त्यांचं

घाटकोपर ते मुलुंड, कुठल्याही वस्तीत चक्कर मारा. फायनान्सवाल्याकडे आपल्या आईचं आधार, पॅन आणि दोन फोटो पडून आहेत. डिलिव्हरीच्या ॲपकडे भावाचा दिवसभराचा ठावठिकाणा आहे. फीमध्ये सवलत देतो म्हणणाऱ्या खासगी क्लासकडे बहिणीचा जातीचा दाखला आहे. ही माहिती पुढे कुणाला दिली, असं विचारायला आम्ही गेलो की उत्तर ठरलेलं: "तुम्हीच सही केलीय ना!"

इंग्रजी मजकुरावर अंगठा घेणारा सावकार आणि ‘आय ॲग्री’ दाबून घेणारी कंपनी, फरक काय?

बाबासाहेबांनी १९४७ सालीच ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये माणसाचं घर आणि कागदपत्रं यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितलं होतं. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला.

पुढे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. कंपनीने नोटीस मागितल्यास मराठीत द्यावी, आपली कोणती माहिती आहे आणि ती कुणाला दिली ते सांगावं, चूक दुरुस्त करावी, असं त्यात आहे. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम आले तेव्हा कंपन्यांना या जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत मिळाली. आणि माहिती अधिकाराला कात्री लावणारं कलम ४४(३)? ते लगेच लागू! मालकाला सवड, प्रश्न विचारणाऱ्याला कुलूप.

आणखी बघा. २०१९ च्या विधेयकात जात ही ‘संवेदनशील’ माहिती होती. २०२३ च्या कायद्यातून तो वर्गच गायब झाला. दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत जाणार; ज्याचं नुकसान झालं त्याला या कायद्यात भरपाई नाही. उलट तक्रार खोटी ठरली तर आपल्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड.

"गरिबाला कसली प्रायव्हसी?" असं आपलेच काही मित्र म्हणतात. अंधेरी-बोरिवलीत भाड्याचं घर शोधताना आडनाव सांगितल्यावर काय होतं, ते त्यांनी आठवावं. जात लपवायची नाही, ती आम्ही लपवत नाही. पण ती कुणाच्या यादीत जाईल, हे ठरवणार आम्ही.

म्हणून मे २०२७ ची वाट बघत बसू नका. दर रविवारी विहारात एक टेबल मांडा. कुणी कुठे कोणतं कागद दिलं, त्याची नोंद करा. झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहूनच द्या. कंपनीला मराठीतून लेखी विचारा, पोच घ्या. एकट्याचा अर्ज टोपलीत जातो, शंभर अर्ज टेबलावर राहतात.

जय भीम!