तांब्यावरचं नाव

रविवार, सकाळचे साडेआठ. बायको आदल्या रात्री उशिरापर्यंत ऑफिसचं काम संपवून गाढ झोपलेली. माझ्या एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात धाकटी आणि डोक्यात दुपारची डेडलाइन. फ्रीलान्सर बापाचं 'वर्क फ्रॉम होम' म्हणजे दिवसभर होम आणि रात्री बारानंतर वर्क!

तेवढ्यात मोठीची हाक आली. ती पाच वर्षांची आहे आणि सध्या दिसेल ते वाचत सुटलीये. दुकानांच्या पाट्या, बिस्किटांचे पुडे, काहीही. आज हाताला लागला होता माझ्या आईनं दिलेला जुना स्टीलचा तांब्या. त्यावर कोरलेलं नाव तिनं बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत वाचलं.

"बाबा, ही कोण?"

"आजी."

"पण आजीचं नाव हे कुठंय?"

झालं! मग सांगितलं, की हे आजीचं लग्नाआधीचं नाव. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळात नवीन नाव लिहिलं आणि आजी त्या नावाची झाली. मला वाटलं, गोष्ट आवडेल. ती म्हणाली, "आजीला विचारलं होतं?"

खरं सांगू? एकोणतीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. मासकॉमला असताना स्त्री-पुरुष समानतेवर झकास असाइनमेंट लिहिली होती मी. पाणी मात्र याच तांब्यातून प्यायचो.

आईला फोन लावला. ती हसली. "नाही गं, तेव्हा कोण विचारतंय!" मग जरा थांबून म्हणाली, "माझी आई होती तोवर त्याच नावानं हाक मारायची. ती गेली, मग कुणी मारलीच नाही." हे मला नवीन होतं.

चौकशी तिथं संपली नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहायचा नियम आलाय. धाकटी जून २०२४ची. तिच्या नावात आई आहे. मोठीच्या नावात मी एकटाच.

"माझ्या नावात आई का नाही?"

"तेव्हा नियम नव्हता."

"मग तूच लिहायचं ना!"

यावर काय बोलणार, बॉस?

मुली बघता बघता मोठ्या होतात म्हणतात. आम्हीही दारामागे पेन्सिलनं उंचीच्या खुणा करतो. पण मोठीचं मोठं होणं मला त्या खुणांपेक्षा या प्रश्नांत जास्त दिसतं. धास्ती एवढीच वाटते, की कधीतरी तीही 'चालायचंच' म्हणायला शिकेल. आणि ते ती आमच्याकडे बघूनच शिकेल.

तुमच्याही घरात असं एखादं भांडं असेल. या रविवारी जरा शोधा. त्यावर कुणाचं नाव आहे, ते आईला विचारा.

आमच्याकडे मोठी आता फोनवर आजीला त्या जुन्या नावानं हाक मारते, पुढे 'आजी' जोडून. पहिल्यांदा मारली तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता होती. मग आई म्हणाली, "ओ."