पहाऱ्याची वर्दी कोणत्या रीतीने घ्यावी?



गळीत हंगाम तोंडावर आला की आम्हा शेतकी विभागाच्या माणसांच्या तोंडी तोडणीच्या तारखा, टोळ्या आणि वाहने याशिवाय दुसरा विषय नसतो. पहारा म्हणजे सुरक्षा विभागाचे काम, असे म्हणून आपण सगळेच तिकडे पाठ फिरवतो. पण रात्री फड पेटला, यार्डात ट्रॉली उलटली किंवा विहिरीवरची केबल गेली, तर बऱ्याच वेळा तिथे पहिल्यांदा पोचतो तो पहारेकरी. त्याने पाहिलेले कागदावर कसे उतरते यावर सभासदाचा पैसा अडकलेला असतो.

सध्या तीन रीती बोलल्या जातात. पहिली, मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकून मोकळे व्हायचे. दुसरी, पहाऱ्यासाठी खास ॲप घ्यायचे. तिसरी, फाटकावरचे जुने रजिस्टर. माझ्या मते यातली कोणतीही एकटी पुरी पडत नाही, कारण आपण दोन वेगळी कामे एकात कालवतो आहोत.

जुन्या गावगाड्यात जागल्या आरोळी देई आणि पाटील कचेरीत वर्दी पाठवी. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७ सालचा. त्यातही गुन्ह्याची खबर वर कळवणे हे पोलीस पाटलाचे काम ठेवलेले आहे. आरोळी माणसे गोळा करण्यासाठी असते. तिथे वेग पाहिजे. वर्दी पुढच्या चौकशीसाठी. तिथे नेमकेपणा पाहिजे. आरोळीला फोनच चांगला. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी ११२ क्रमांक आहे, तो प्रत्येक पहारेकऱ्याला पाठ हवा. पण फोन झाला म्हणजे वर्दी झाली असे समजू नका. ग्रुपवरचा निरोप चार दिवसांत शुभेच्छांच्या ढिगाखाली जातो.

जळिताचेच घ्या. जळालेला ऊस थांबत नाही. दर दिवसाला वजन घटते, रसातली साखर फुटते. तो लवकर तोडायचा तर टोळीचा क्रम मोडावा लागतो, आणि क्रम मोडला की शेजारचा सभासद विचारतो, याचाच ऊस आधी का? त्याला दाखवायला आग कधी दिसली, कोणत्या गटात, किती सऱ्यांत, याची त्या रात्रीची नोंद लागते. आग विजेच्या तारेमुळे लागली असेल तर आणखीच. वीज अधिनियम २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अशा अपघाताची चौकशी विद्युत निरीक्षकाकडे जाऊ शकते. तिथे “सगळ्या गावाला माहीत आहे” हा पुरावा चालत नाही.

म्हणून नोंदीत पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहिले पाहिजे. “शॉर्टसर्किट झाले” हा अंदाज झाला. “रात्री सव्वादोनला खांबाखालच्या सरीतून जाळ वर चढताना पाहिला” ही वर्दी झाली. “अमक्याच्या पोराने पेटवले असेल” असे तर लिहूच नये. एका ओळीने दोन घरांत पिढीचे वैर लागते.

काही जण म्हणतात, पहारेकऱ्याला नीट लिहिता येत नाही. मग त्याने सांगावे, दुसऱ्याने लिहावे आणि त्याला वाचून दाखवून सही घ्यावी. पोलीस ठाण्यातही हीच रीत आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तोंडी खबर लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत फुकट द्यायची. मोबाइल-संगणकावरून दिलेल्या खबरीवरसुद्धा तीन दिवसांत सही लागते. सरकारने नवी साधने घेतली, पण सही सोडली नाही.

ॲपला माझा विरोध नाही. हिंजवडीच्या आयटी पार्कात रस्ते, दिवे, रेंज सगळे जागेवर असते, तिथे ते शोभते. पण रिहे खोऱ्यात डोंगराच्या आडोशाला रेंज गेली किंवा बॅटरी उतरली, तर पहारेकऱ्याने काय करायचे?

माझे मत असे : आधी फोन, आणि पाळी संपण्याच्या आत पानांना छापील क्रमांक असलेल्या, कार्बन घालून लिहायच्या पुस्तकात नोंद. एक प्रत सुरक्षा विभागाला, एक गट कार्यालयाला, एक ज्याचे नुकसान झाले त्या सभासदाला. खाडाखोड नाही, दुरुस्ती असेल तर खाली नवी ओळ. पुस्तक नीट चालले की ॲपही त्याच्या जोडीला आणता येईल.

मात्र एक पथ्य पाळावे लागेल. नोंद केली की पहिला ठपका पहारेकऱ्यावरच, असे झाले तर पुस्तक कोरे राहील आणि आपण समजू की सगळे आलबेल आहे. कामात हयगय केली तर त्याची चौकशी स्वतंत्र होऊ द्या. खरे लिहिले म्हणून कुणाची हजेरी कापली जाऊ नये.

वजनकाट्यावर पावती हातात पडल्याशिवाय आपल्यापैकी कुणी गाडी हलवत नाही. मग फड जळाल्यावर नोंदीची प्रत का मागू नये? वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय मांडावा, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी