जेवलो, तरी साखर उतरली

शाळेत मुलांना एक गोष्ट सतत सांगायचो : उत्तर गृहीत धरू नका, ताळा करून पाहा. सत्तरी ओलांडल्यावर हाच धडा मला ग्लुकोमीटरने दिला.

झालं असं, की एका लग्नात दोन जिलब्या जास्त झाल्या. प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी, पालेभाजी आणि कोशिंबीर एवढंच जेवलो. ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीएवढीच घेतली. वर शतपावलीऐवजी चांगला अर्धा तास चाललो. परतलो तो घामाने डबडबून. हात थरथरत होते, पेपरातली अक्षरं लागेनात. सौ. म्हणाली, "अहो, आत्ताच तर जेवलात! पडा थोडं." सुनेने मात्र बोटाला सुई टोचली. आकडा आला ५८.

जेवल्यावर साखर वाढते हे खरं, पण अर्धंच. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ताटात काय होतं हे तिला कळत नाही. भाकरी-भात कमी आणि चालणं जास्त, की वजाबाकी बेरजेपेक्षा मोठी होते. इन्सुलिन टोचणाऱ्यांचंही तसंच. शिवाय जुन्या मधुमेहात काहींचं जठर मंदावतं. अन्न पचायला उशीर होतो आणि इन्सुलिन आधीच कामाला लागलेलं असतं.

साखर वाढण्याची भीती घराघरांत पोचली आहे, उतरण्याची ओळख मात्र नाही. जेवणानंतर म्हातारा माणूस चिडला, असंबद्ध बोलला, की 'वय झालं' म्हणून आपण त्याला झोपू देतो. ती झोप जिवावर बेतू शकते.

म्हणून आधी मोजा. आकडा ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. अकार्बोज किंवा वोग्लिबोज घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांना ग्लुकोजच हवं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी माझी गोळी कमी केली. ते काम त्यांचंच, आपलं आपण करायचं नाही. आणि ताटातलं आपल्या मनाने छाटायचं, तेही नाही.

असो. आमच्या घरी साखरेचा डबा माझ्यापासून लपवून ठेवत असत. आता तो हाताशी असतो, आणि शेजारी ग्लुकोमीटर.