फौजीची बॅग भरताना

सुटी संपली की धामणगावचा फौजी आधी रेल्वेने नागपूर गाठतो. तिथून विमानाने दिल्ली, पुढे श्रीनगर नाहीतर गुवाहाटी. बॅग भरायला घरातले सगळे हात लावतात. म्हणून हे सांगणं फौजीला आहे, तसंच त्याच्या मायला आणि बायकोलाही.

आधी बॅग पूर्ण रिकामी करा. उलटी धरून झटका. चोरकप्प्यात बोटं घालून पाहा. फायरिंगनंतर एखादा राऊंड, एखादी रिकामी पुंगळी कोपऱ्यात राहून जाते. घरी ती दिसत नाही, विमानतळाच्या एक्स-रे यंत्रात लगेच दिसते. मग चौकशी, कदाचित पोलीस ठाणंही. ‘विसरलो’ म्हटल्याने भागत नाही. विमान जातं आणि युनिटला हजर व्हायची तारीखही हुकते.

फौजीचा जुना पिठ्ठू धाकटा भाऊ वापरत असेल, तर तोही असाच झटका. राऊंड सापडला तर तो कुठून आला, हे त्या पोराला सांगताही येणार नाही.

आता खाण्याचं. तिखट, ठेचा, मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून काउंटरवर जमा करायच्या बॅगेत टाका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र घरीच राहू द्या. त्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं. चिवडा, लाडू खुशाल हातात न्या.

भेट मिळालेली खुकरी, चाकू जमा करायच्या बॅगेत. पॉवर बँक नेहमी हातातल्या बॅगेत. आगपेटी आणि लायटर कुठेच नको.

ओळखपत्र अस्सल आणि वरच्या खिशात असू द्या. सैनिकी सवलतीचं तिकीट असेल तर काउंटरवर ओळखपत्र दाखवावंच लागतं. बायको-मुलांचं तिकीटही तसंच असेल, तर त्यांचं कार्डही सोबत घ्या.

पायात रॉड किंवा प्लेट असेल तर मेटल डिटेक्टरच्या दारातून जाण्याआधीच सांगा. डॉक्टरांचा कागद जवळ ठेवा. यात लाज कसली?

‘मी फौजी आहे, माझी काय झडती घेता?’ असं म्हणू नका. समोरचा सीआयएसएफचा जवानही वर्दीतलाच आहे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान पळवून नेलं, त्यानंतर २००० पासून विमानतळांची राखण या दलाकडे येत गेली. तो त्याची ड्युटी करतो. पट्टा, पाकीट, मोबाइल ट्रेमध्ये ठेवा आणि पुढे व्हा.

नागपूरऐवजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान धरलं तरी बॅग अशीच भरा.

शेवटचं, वेळेचं. सामान घेणारं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. धामणगावला गाडी उशिरा आली, हे तिथे कुणी ऐकत नाही. नागपूरला जायला एक गाडी आधीची पकडा.