मेंथॉलवरचा कर घटला, तरी मेंथा लागवडीची घाई नको

२२ सप्टेंबर २०२५ पासून नैसर्गिक मेंथॉल आणि मेंथा तेलावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कृत्रिम मेंथॉलवर मात्र तो १२ वरून १८ टक्के झाला. हे वाचून तुम्ही मेंथा लावायचा विचार करत असाल, तर आधी बाजार समजून घ्या.

पहिली गोष्ट, भाजीच्या पुदिन्यात मेंथॉल जवळपास नसतेच. त्याचा वास कार्व्होन या घटकाचा. मेंथॉल मिळते ते जपानी पुदिन्यातून, म्हणजे मेंथा आर्वेन्सिसमधून. त्याच्या तेलात ७० ते ८० टक्के मेंथॉल असते. बाम लावल्यावर थंड वाटते, पण त्वचेचे तापमान उतरलेले नसते. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना मेंथॉल चेतवते, एवढेच.

अडचण इथेच आहे. कारखान्यातला रेणूही हाच, गुणही तोच. कंपन्या दर पाहून इकडून तिकडे वळतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये जर्मनीत बीएएसएफच्या सिट्रल प्रकल्पाला आग लागली. तिथे सिट्रलपासून मेंथॉल बनते. पुरवठा आटला आणि आपल्याकडचे मेंथा तेल कडाडले. बाराबंकीच्या शेतकऱ्याचा भाव असा परदेशातल्या कारखान्यावर हलतो.

मग १३ टक्क्यांचा फरक पदरात पडेल का? पूर्ण नाही. नोंदणीकृत कंपनीला कच्च्या मालावर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते, त्यामुळे तिच्या हिशेबात हा फरक बराच विरतो. निर्यातीच्या मालावर तर जीएसटीचा बोजाच नसतो आणि भारतीय मेंथॉलचा मोठा ग्राहक परदेशात आहे. निर्णय चांगला आहे, पण त्यावर भाव बांधू नका.

आपल्याकडे खरा प्रश्न पाण्याचा. उत्तर प्रदेशात फेब्रुवारीच्या सुमारास लावलेले पीक मे-जूनमध्ये कापतात. म्हणजे ऐन उन्हाळ्यात वारंवार पाणी हवे. विहीर मार्चमध्येच तळ गाठत असेल, तर विषय तिथेच संपला. पाणी असेल, तरी ऊर्ध्वपातन संच जवळ हवा. ओला पाला दूर नेण्याचे भाडे परवडत नाही, कारण १०० किलो पाल्यातून तेल जेमतेम अर्धा ते पाऊण किलो निघते.

तरीही लावायचे असेल, तर सीमॅप, लखनौच्या वाणांची खात्रीशीर मुळे घ्या आणि सुरुवात १० गुंठ्यांवर करा. तेल विकण्याआधी प्रयोगशाळेतून मेंथॉलची टक्केवारी काढून घ्या. व्यापाऱ्याशी दर ठरवताना हाच कागद हातात हवा.