चांगला माल आपोआप खपतो म्हणे!

"माल चांगला असला की खपतोच" हे वाक्य आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या कानावर रोज पडतं. अप्रेझलच्या मोसमात तर जरा जास्तच. हे बोलणाऱ्या प्रत्येकाला मी यापुढे लिंडा मार्टेलचा 'कलर मी कंट्री' हा अल्बम ऐकायला लावणार आहे.

साल १९७०. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांचं संगीत, असा समज. (बॅंजो तिथे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी रुजवला, हे सोयीस्करपणे विसरायचं.) आणि लिंडा ही साउथ कॅरोलायनातली काळी मुलगी. आवाज स्वच्छ, खणखणीत, उगाच हुंदके नाहीत. १९६९ मध्ये तिचं 'कलर हिम फादर' बिलबोर्डच्या कंट्री यादीत २२व्या नंबरापर्यंत गेलं. नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीत एकटीने गाणारी पहिली काळी बाई तीच. म्हणजे माल चांगलाच होता ना?

आता तिच्या कंपनीचं नाव ऐका : प्लँटेशन रेकॉर्ड्स. प्लँटेशन, म्हणजे जिथे गुलाम कापूस वेचायचे ते मळे! तिने आक्षेप घेतला. मालक शेल्बी सिंगलटन बधला नाही. त्याचा सगळा जोर जीनी सी. रायली या गोऱ्या गायिकेवर. शेवटी लिंडाने कंपनी सोडली. सिंगलटनने दुसरीकडेही आपली वाट अडवली, असं तिने पुढे सांगितलं. पहिला अल्बम तोच शेवटचा. नंतर तिने शाळेची बससुद्धा चालवली.

"मग चार्ली प्राइड कसा मोठा झाला?" असं एखादा शहाणा विचारतोच. झाला की! पण १९६६ मध्ये त्याची सुरुवातीची गाणी रेडिओवाल्यांकडे फोटोशिवाय पाठवली होती. आवाज पोचावा म्हणून चेहरा लपवायचा, आणि वर याला गुणवत्तेचा विजय म्हणायचं?

२०२४ मध्ये बियॉन्सेने 'काउबॉय कार्टर'मध्ये लिंडाचा आवाज घेतला आणि जगाला ती सापडली. लगेच सुरू, "बघा, शेवटी पोचलीच ना!" अरे बाबांनो, तेव्हा ती ८२ वर्षांची होती. तिच्या पस्तिशीतले, पंचेचाळिशीतले अल्बम कुठून डाउनलोड करू? ते रेकॉर्डच झाले नाहीत.

असो. 'बॅड केस ऑफ द ब्लूज'पासून सुरुवात करा. त्यातलं योडेलिंग हेडफोन लावून ऐका, झकास आहे.