पंख सारखे, देह निराळा



चातुर्मासात पायाखाली पाहून चालावे, ही आपल्या घराघरांतील शिकवण. यंदा माझ्या नातवाने मला मान वर करून पाहण्यासही शिकवले. परसातील कढीपत्त्यावर बसलेल्या काळ्या फुलपाखराचे छायाचित्र त्याने आणले. मागच्या पंखांच्या मधोमध पांढरे ठिपके, कडेला तांबड्या चंद्रकोरी. पुस्तकातील चित्राशी ताडून मी तत्काळ निर्णय दिला, "हे कॉमन रोज." आजोबांचा शब्द म्हणून त्याने तो वहीत उतरवला आणि वही शाळेच्या प्रदर्शनात मांडली गेली.

चार दिवसांनी तो दुसरे छायाचित्र घेऊन आला. त्यात तसेच फुलपाखरू कढीपत्त्यावर अंडी घालत होते. "आजोबा, रोजची अळी ईश्वरीच्या वेलीवर वाढते, असे पुस्तकात आहे. मग हे इथे कसे?" मी निरुत्तर झालो.

ते कॉमन रोज नव्हतेच. ती कॉमन मॉरमॉन या फुलपाखराची मादी होती. रोजची अळी ईश्वरीच्या, म्हणजे सापसंदाच्या वेलीतील विषारी द्रव्य अंगात साठवते. ते फुलपाखरातही उतरते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनच्या अळ्या लिंबू, कढीपत्ता अशा निर्विष झाडांवर वाढतात. मात्र तिच्या काही माद्या हुबेहूब रोजचे रूप घेतात आणि त्या रूपाच्या आधाराने बचावतात. या जातीत माद्यांची तीन रूपे आढळतात. एक नरासारखे, दुसरे कॉमन रोजसारखे आणि तिसरे क्रिमसन रोजसारखे. ही तिन्ही एकाच जातीची रूपे आहेत, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी 1865 मध्ये मांडले. या रूपबदलामागे 'डबलसेक्स' नावाचे एकच जनुक आहे, हे कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिले.

मग ओळखावे कसे? पंख सोडून देहाकडे पाहावे. रोजचे डोके, धडाच्या बाजू व पोटाचे टोक तांबडे असते. मॉरमॉनच्या मादीचा देह काळा असून त्यावर पांढरे ठिपके असतात. पहिल्याच छायाचित्रात हे स्वच्छ दिसत होते, पण माझी नजर पंखांवरच खिळली होती. उभी हयात मी धनादेशावरील सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहिली. नक्कल करणारा डौलदार वळणे हुबेहूब गिरवतो आणि एखाद्या साध्या रेघेत पकडला जातो, हे मला पक्के ठाऊक होते. तरीही मी वळणांवरच भुललो.

असाच संभ्रम प्लेन टायगर व डॅनाइड एगफ्लायच्या मादीबाबत होतो. दोन्ही नारिंगी, दोघांच्या पुढच्या पंखांची टोके काळी-पांढरी. मागच्या पंखांवरील काळे ठिपके मोजावेत. प्लेन टायगरला मध्यभागी तीन किंवा चार असतात, एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेजवळ एकच. पहिल्याची अळी रुईवर वाढते, दुसरीची घोळीच्या भाजीवर.

काही वेळा छायाचित्र उत्तरच देत नाही. बागेतील लहान पिवळी फुलपाखरे वरून जवळजवळ एकसारखी दिसतात. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस, मुळाकडील भागात, एक, दोन की तीन खुणा आहेत, यावरून वन-स्पॉट, कॉमन व थ्री-स्पॉट ग्रास यलो वेगळी ओळखता येतात. ऋतूनुसार याही खुणा पुसट होतात. अशा वेळी 'ग्रास यलोपैकी एक' एवढेच लिहून थांबावे. स्याद्वाद म्हणजे संशय नव्हे. कोणत्या बाजूने पाहून बोलतो आहोत, ते सांगून बोलणे म्हणजे स्याद्वाद. म्हणून पंखांची वरची व खालची, अशी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, देह दिसू द्यावा आणि झाड, स्थळ व तारीख टिपून ठेवावी.

मात्र फुलपाखरू जाळीत पकडू नये, टाचणीने टोचू नये, हलू नये म्हणून गारठवूही नये. आपल्या शास्त्रात ते चतुरिंद्रिय जीव आहे. नाव कळले नाही, तर वहीतील एक ओळ कोरी राहील, एवढेच.

वही परत आल्यावर नातवाने जुने नाव खोडून 'कॉमन मॉरमॉन, मादी' असे लिहिले आणि वही माझ्यापुढे धरली. "आजोबा, खाडाखोडीशेजारी पूर्ण सही लागते, असे तुम्हीच सांगता ना?" मी चष्मा लावला, दोन्ही छायाचित्रे पुन्हा एकदा पाहिली आणि सही केली.